मापाचा ब्लाऊज काय सांगत नाही

श्रावण लागला की रत्नागिरीच्या राम आळीतल्या कापडाच्या दुकानांतून एक ठरावीक पिशवी शिंप्याकडे निघते. साडीतून कापून घेतलेला ब्लाऊज पीस, त्याच रंगाचं अस्तर आणि मधोमध घडी करून ठेवलेला एक जुना ब्लाऊज. “मापाचा दिलाय, याच्यासारखाच शिवा. गळा तेवढा जरा मोठा. गौरी यायच्या आधी हवाय हं!” एवढ्या सूचनेवर काम भागतं. टेप गळ्यातून खाली उतरतच नाही. पावतीवर तारीख पडते, कापडाचा कोपरा कापून वहीत टाचला जातो आणि पुढचं गिऱ्हाईक सरकतं.

ही रीत महाराष्ट्रभर चालते आणि ती काही वेडगळ नाही. पुरुष शिंप्यासमोर मापं देण्याचा संकोच टळतो, घाईच्या दिवसांत दोघांचाही वेळ वाचतो, आणि मुंबईत नोकरी करणाऱ्या लेकीचा ब्लाऊज आईला गावात शिवून घेता येतो. अडचण एकच आहे. मापाचा ब्लाऊज म्हणजे मागच्या शिवणीची नोंद. त्यातून अंग कळतंच असं नाही. दोन वर्षांपूर्वीचं माप, धुऊन आटलेलं अस्तर, एका बाजूने सोडलेली शिवण, कुठेतरी ताणून सैल झालेला गळा हे सगळं नव्या कापडावर इमानेइतबारे उतरतं. जुन्याचा मुंढा काचत असेल तर नव्याचाही काचतो. असे पाच-सात ब्लाऊज अंगावरून गेले की बाई कपड्याला बोल लावायचं सोडून देते आणि स्वतःलाच लावते: माझे खांदेच उतरते, माझं अंगच बेढब.

बहुतेक वेळा अंग निर्दोष असतं. कपडा शोभणं ही नंतरची गोष्ट. आधी तो कुठे टेकतो आणि कुठे मोकळा सुटतो, हे पाहावं लागतं. ते जमलं की निम्मी शोभा आपोआप येते.

छत्तीस आणि छत्तीस

दोन बायका घ्या. टेपवर दोघींची छाती ३६ इंच. पहिलीची पाठ रुंद, खांदे भक्कम; छातीच्या वरून, काखेतून टेप फिरवला तर ३५ इंच भरतात. दुसरी चणीने बारीक, पाठ अरुंद, पण पुढून भरलेली. तिचं वरचं माप ३२. वहीत दोघींच्या नावापुढे ३६ लिहून एकाच बेताने कापलं तर दोन्ही ब्लाऊज बिघडतात, आणि वेगवेगळ्या तऱ्हेने बिघडतात. पहिलीला पाठीत ओढतं. हात पुढे केला की मागची शिवण ताणते. दुसरीचा खांदा दंडाकडे घसरतो, गळा पुढून पोकळ राहतो आणि तरीही हुकांच्या पट्टीत फटी पडतात. मग बाजूची शिवण सोडली जाते. पट्टीच्या फटी मिटतात, गळा मात्र आणखी ढिला पडतो.

उपाय सोपा आहे: छातीची दोन मापं घ्यायची, एक वरचं आणि एक पूर्ण. दोहोंत इंच-दीड इंचाचाच फरक असेल तर साध्या टक्सवर निभावतं. फरक तीन-चार इंचांवर गेला तर खांदा, गळा आणि मुंढा वरच्या मापावर बेतायचे आणि जास्तीचं कापड फक्त पुढच्या भागात द्यायचं. पाठीला ते द्यायचं नाही, कारण फरक पाठीत नसतोच.

याच्या जोडीला आणखी चार मापं घ्यावीत. खांद्यापासून टक्स पॉइंटपर्यंतची (म्हणजे छातीच्या सर्वांत उठावाच्या जागेपर्यंतची) उंची, दोन टक्स पॉइंटमधलं अंतर, खांद्यापासून छातीवरून कंबरेच्या पट्टीपर्यंतची पुढची लांबी, आणि मागची लांबी. पुढची आणि मागची लांबी एकच धरून कापलेला ब्लाऊज भरलेल्या छातीवर पुढून वर चढतो आणि पोटाशी फट दिसते. टक्स पॉइंटचं माप तर वयाबरोबर, बाळंतपणानंतर, आतले कपडे बदलले तरी बदलतं. म्हणून ब्लाऊज ज्या आतल्या कपड्यांवर घालायचा, तेच घालून माप द्यायला जावं. बारीकसारीक वाटणाऱ्या या गोष्टीने अर्धा इंच इकडचा तिकडे होतो, आणि ब्लाऊजमध्ये अर्धा इंच म्हणजे पुष्कळ.

टक्सचं काम काय, हे एकदा समजलं की शिंप्याशी बोलणं सोपं जातं. कापड सपाट, अंग गोल. कागदाची चकती घेऊन तिच्या कडेपासून मध्यापर्यंत एक चिमटी घातली की ती चण्यांच्या पुडीसारखी टोकदार उठते. टक्स नेमकं हेच करतो. चिमटी जितकी रुंद तितका उठाव जास्त. टक्सचं टोक थेट टक्स पॉइंटवर आणलं तर तिथे बोचरी चोच दिसते, म्हणून ते साधारण इंचभर अलीकडे संपवायचं. टक्स खाली-वर झाला तर कपड्यातली उठावाची जागा आणि अंगातली उठावाची जागा जुळत नाही. मग एका ठिकाणी रिकामी पिशवी लोंबते आणि बोटभर अंतरावर कापड ताणलेलं असतं.

चार टक्सचा ब्लाऊज मध्यम अंगाला पुरतो. फरक मोठा असेल तर चार टक्सच्या चिमट्या फार रुंद होतात, त्यांची टोकं उठून दिसतात. अशा वेळी कटोरी बरी. तिच्यात छातीचा भाग वेगळा कापून जोडतात, त्यामुळे उठाव एका टोकावर न एकवटता सगळ्या वळणावर वाटला जातो. प्रिन्सेस कटमध्ये मुंढ्यापासून किंवा खांद्यापासून कंबरेपर्यंत एकच लांब शिवण येते आणि टक्स तिच्यात मुरतो. पुढे माप वाढलं-घटलं तर त्याच शिवणीतून सुधारता येतं. मात्र मोठ्या बुट्ट्यांच्या किंवा चौकड्यांच्या कापडात ही शिवण नक्षी मधोमध कापते, तिथे टक्सच चांगले.

मुंढा खोल की उथळ

“काखेत काचतंय, मुंढा जरा खोल कापा,” ही शिंप्याच्या दुकानातली नेहमीची फर्माईश. शिंपी कापून देतो. काचणं थांबतं, पण हात वर करणं पहिल्यापेक्षा अवघड होतं. हे उलटं का घडतं?

हात खाली असताना कोपरापासून काखेतून कंबरेपर्यंतचं अंतर मोडलेलं, आखूड असतं. हात वर गेला की ते सरळ आणि लांब होतं, आणि तेवढं कापड कुठून तरी यावं लागतं. मुंढा काखेच्या जवळ असेल तर बाजूची शिवण लांब असते आणि ती ही लांबी पुरवते. मुंढा खोल गेला की बाजूची शिवण तेवढीच आखूड होते. मग हात वर जाताना अख्खा ब्लाऊज सोबत ओढून नेतो. मिरकरवाडा बंदरावर डोक्यावरची पाटी हाताने सावरणारी, एसटीत वरच्या दांड्याला धरून उभी राहणारी किंवा माळ्यावरून पाटा-वरवंट्याचं ओझं खाली काढणारी बाई, या साऱ्यांना उथळ मुंढाच सोयीचा. काखेखाली बोटभर जागा ठेवावी, त्याहून जास्त नको. काचण्याचं खरं कारण अनेकदा पाठीची अपुरी रुंदी किंवा अरुंद बाही हेच असतं.

बाहीच्या वरच्या गोलाईचाही यात हात आहे. गोलाई उंच कापली तर हात खाली असताना बाही सुरकुतीविना सुरेख लोंबते, पण वर उचलताना अडते. गोलाई उथळ ठेवली तर काखेत थोड्या चुण्या दिसतात आणि हात मोकळा फिरतो. लग्नात मिरवायच्या ब्लाऊजला पहिली तऱ्हा चालेल. रोज कामावर घालायच्या ब्लाऊजला दुसरीच हवी. जुन्या सदऱ्यात नि बंडीत तर काखेत एक चौकोनी तुकडाच जोडलेला असे. सगळं कापड सरळ रेषेत कापलेलं, गोलाई कुठेच नाही, तरी हात अडत नसे, कारण हात वर गेला की तो तुकडा उलगडून लागेल तेवढं कापड पुरवी.

गाठीच्या चोळीनंतर

आज ज्या अर्ध्या इंचासाठी दुकानाच्या फेऱ्या होतात, तो प्रश्न आजी-पणजीच्या चोळीला पडत नव्हता. चोळी व्हायची खणाची. खणासाठी नाव घेतलं जातं ते आजच्या कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचं. खणाचे काठ बाहीच्या कडेला येतील असे तुकडे बेतले जात, शिवण हाताची असे आणि पुढे गाठ मारली जाई. गाठ मारणं म्हणजे माप रोज नव्याने ठरवणं. अंग भरलं तर गाठ सैल, उतरलं तर घट्ट. गरोदरपणात आणि अंगावर पाजण्याच्या काळातही तीच चोळी चालत असे. वरून नऊवारी, म्हणजे शिवणच नसलेलं वस्त्र. ज्याचं त्याचं अंग हेच त्याचं माप. शेतात चिखलणीला उभी राहणारी बाई ते गुडघ्यापर्यंत खोचून घेई, देवळात जाणारी पायघोळ सोडी.

पोलकं आणि मग हुकांचा ब्लाऊज आला तेव्हा हा लवचिकपणा गेला. हूक एकदा लावला की तो तिथेच. माप शिवतानाच नक्की करावं लागतं. याच काळात शिवणयंत्रही आलं. एलियस होव याने १८४६ साली आणि आयझॅक सिंगर याने १८५१ साली अमेरिकेत आपापल्या यंत्रांची पेटंटं घेतली आणि पुढे सिंगरचं पायमशीन भारतातल्या गल्लीबोळांत पोहोचलं. यंत्रांवर कडाडून टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली एका संभाषणात सिंगरच्या यंत्राला अपवाद ठरवलं होतं. मशीनने शिवणीचा वेग वाढवला, पण माप घेणं आणि कापणं हे काम डोळ्यांचं आणि हातांचंच राहिलं. आजही चांगल्या शिंप्याचं कसब मशीनवर कमी आणि कात्री चालवण्याआधीच्या पाच मिनिटांत जास्त दिसतं.

गंमत म्हणजे नऊवारी आता शिवून मिळते. लग्नात, लेझीम पथकात, गौरीच्या ओवश्याला ती हमखास दिसते. नेसायला सोपी, पण शिवताना चूक झाली तर जाच. कंबर आणि उंची एवढी दोनच मापं घेऊन शिवलेली नऊवारी उभ्या बाईला छान दिसते आणि तीच बाई खाली बसली की मागून ताणते. तिला सीटचं माप बसलेल्या स्थितीत लागतं, आणि कंबरेच्या पुढच्या मध्यापासून दोन पायांमधून मागच्या मध्यापर्यंतचं मापही लागतं. शिवलेली नऊवारी घ्यायला गेलेल्या बाईने दुकानातच एकदा उकिडवं बसून पाहावं. झिम्मा-फुगडीला उभं राहिल्यावर कळण्यापेक्षा ते बरं.

नंबर कुणाच्या अंगाचा?

राम आळीत असो की ऑनलाइन, तयार कुर्त्यावर एम, एल, एक्सएल असं काहीतरी लिहिलेलं असतं. एका कंपनीचा एल अंगात शिरत नाही आणि दुसरीचा एम ढगळ होतो, हा अनुभव घरोघरचा. त्याचं कारण नंबरांच्या जन्मात आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली. गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं अंतिम हिशेबातून वगळली गेली. त्या आकड्यांवर आधारलेलं प्रमाण १९५८ साली निघालं, ते फारसं कुणाला बसेना, आणि १९८३ साली मागे घेण्यात आलं. त्यानंतर ज्याने त्याने आपापले नंबर ठरवले.

भारतीय अंगांचा स्वतःचा तक्ता असावा म्हणून वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळाने निफ्ट या संस्थेने ‘इंडिया साइज’ हा प्रकल्प हाती घेतला. १५ ते ६५ वर्षं वयाच्या सुमारे २५,००० स्त्री-पुरुषांची मापं त्रिमितीय स्कॅनरने घ्यायची, अशी त्याची आखणी. त्यासाठी सहा शहरं निवडली गेली. तक्ता कितीही चांगला झाला तरी तो सरासरीचाच असणार, आणि सरासरी अंगाची बाई दुकानात क्वचितच येते.

म्हणून तयार कपडा घेताना एक नियम पाळावा: जे नंतर दुरुस्त करणं कठीण ते आधी बसलं पाहिजे. कुर्त्यात खांदा आणि मुंढा हे कठीण भाग. बाजू आत घेणं, उंची कमी करणं, बाही आखूड करणं ही सोपी कामं. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर येते का, हे पाहून नंबर निवडावा आणि बाकीचं अल्टरला द्यावं. पोट किंवा सीट मोठी असेल आणि खांद्याचा नंबर तिथे मुळीच पुरत नसेल, तर मात्र शिवून घेणंच स्वस्त पडतं.

अंगकाठी आणि बेत

मासिकांतून बायकांच्या अंगाचे नासपती, सफरचंद, आयत, वाळूचं घड्याळ असे प्रकार पाडलेले असतात. त्यातलं वाळूचं घड्याळ म्हणजे कंबर बारीक, वर-खाली सारखं भरलेलं अंग हे जणू प्रमाण आणि बाकीचे त्याचे दोष, असा एकूण सूर. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाने सहा हजारांहून अधिक बायकांची स्कॅनरने घेतलेली मापं तपासली, तेव्हा अशी अंगकाठी फक्त आठेक टक्के निघाली. जवळपास निम्म्या बायकांचं अंग वरपासून खालपर्यंत साधारण सरळ होतं. तेव्हा फळांची नावं बाजूला ठेवून आपल्या अंगाला नेमकं कुठे कापड जास्त लागतं आणि कुठे कमी, एवढंच पाहावं.

सीट रुंद असेल तर सरळ कापलेला कुर्ता तिथे अडतो, वर चढतो आणि कंबरेशी आडव्या घड्या पडतात. छातीपासून खाली हळूहळू रुंद होत जाणारा ए लाइन बेत किंवा बाजूला जोडलेल्या कळ्या हा त्यावरचा जुना, खात्रीचा इलाज. बाजूचा कट कुठे सुरू होतो, तेही बघायचं. सीटच्या सर्वांत रुंद भागाच्या बऱ्याच वर कट सुरू झाला तर पुढचा-मागचा पल्ला फाकतो. बसल्यावर सीटचं माप साधारण दीड-दोन इंचांनी वाढतं, तेव्हा सैलपणा उभ्याने ठरवू नये.

पोट सुटलेलं असेल तर बायका छातीला दोन नंबर मोठा कुर्ता घेतात. मग खांदे लोंबतात आणि सगळं अंगच थोराड दिसतं. खांद्याला नेमका बसणारा आणि छातीखालून सैल सुटणारा कुर्ता पोटावरून सरळ खाली येतो. एक गोष्ट मात्र शिंप्यालाही अनेकदा सांगावी लागते: पोटावरून जाताना पुढची लांबी खर्ची पडते, म्हणून कुर्त्याची पुढची उंची मागच्यापेक्षा अर्धा ते एक इंच जास्त ठेवावी. तसं केलं नाही तर कुर्ता पुढून उचललेला दिसतो आणि लक्ष नेमकं तिथेच जातं.

वय झालेल्या बायकांची तक्रार याच्या उलट. पाठीला पोक आलं की मागची लांबी वाढते आणि पुढची घटते. तरुणपणीच्या मापाने शिवलेला ब्लाऊज मग मागून वर चढतो, पुढून लोंबतो आणि गळा मानेपासून मागे सरकतो. मागचा भाग इंचभर लांब, पुढचा तितकाच आखूड, पाठीच्या गळ्याशी किंवा खांद्याच्या शिवणीत दोन बारीक टक्स आणि हूक पुढे. एवढ्या बदलाने आजींचा ब्लाऊज जागेवर बसतो. खांदा दुखत असेल तर हात मागे नेऊन हूक लावायला लावणं हा छळच आहे.

खांदे उतरते असतील तर गळा पुढूनही रुंद आणि मागूनही खोल असा हट्ट धरू नये. दोन्हींपैकी एकच निवडावं, आणि मागचा गळा खोल ठेवला तर खांद्याची पट्टी मानेकडे सरकवावी. मागची नाडी शोभेची आहे, घसरणारा खांदा ती फार काळ धरत नाही. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली असणं अगदी सामान्य आहे. उजव्या हाताने कळशी, दप्तर, पर्स वाहणाऱ्यांचं तसं होतंच. तिथे खालच्या खांद्यात एक पातळ पॅड घातलं की काम झालं.

दंड भरलेले असतील तर बाही दंडाच्या सर्वांत जाड भागावर संपू देऊ नये. तिथे मोहरीची आडवी रेघ आली की डोळा तिथेच थांबतो. दोन बोटं वर किंवा थेट कोपराजवळ न्यावी आणि मोहरीत एक बोट सहज फिरेल इतकी जागा ठेवावी. बारीक अंगाच्या मुलींना तंग कपडा बारीकच दाखवतो. त्यांना थोडं ताठ सुती कापड, बोट नेक, खांद्यावर किंवा गळ्याखाली चुण्या असा बेत खुलतो.

डोळ्यांना फसवताना

“आडव्या पट्ट्या घालू नका, जाड दिसाल,” हा सल्ला इतका रुळलाय की तो तपासावा असं सहसा कुणाला वाटत नाही. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८६७ साली नेमकं उलट नोंदवलं होतं. एकाच मापाचे दोन चौकोन, एक आडव्या रेघांनी भरलेला, दुसरा उभ्या. आडव्या रेघांचा चौकोन उंच आणि अरुंद भासतो. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाचे पीटर थॉम्पसन यांनी २००८ साली स्त्रियांच्या चित्रांच्या जोड्या लोकांना दाखवल्या, तेव्हाही आडव्या पट्ट्यांतली बाईच लोकांना बारीक वाटली. म्हणजे पट्ट्यांच्या नावाने इतकी वर्षं फुकट बोटं मोडली गेली. रेघ उभी की आडवी यापेक्षा ती कुठे थांबते, याला जास्त किंमत आहे. कुर्त्याची कड, बाहीची मोहरी, साडीचा काठ ज्या जागी येतो तिथे नजर टेकते. ठेंगण्या बाईच्या साडीला हातभर रुंद काठ असेल तर मधली साडी उरतेच किती?

रंगाची फसवणूक मात्र खरी आहे. फिकट रंगाची वस्तू त्याच आकाराच्या गडद वस्तूपेक्षा मोठी भासते. खालचं अंग भारी असेल तर सलवार गडद आणि कुर्ता उजळ, वरचं भारी असेल तर उलट, एवढा वापर त्याचा करता येतो.

बेत आणि नजर यांचं गणित कुणाला साधलं असेल तर ते कोल्हापूरच्या भानू अथैया यांना. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली त्यांना जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर मिळालं आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. त्याच्या कितीतरी आधी, १९६८ च्या ‘ब्रह्मचारी’मध्ये मुमताजसाठी त्यांनी केशरी साडी आधीच निऱ्या घालून, अंगाबरोबर शिवून घेतली होती. नाचताना ती सुटली नाही, ढळली नाही. पुढे पडद्यावरून ती लग्नांत उतरली आणि तिच्या नक्कला आजही निघतात. साडी तीच, उंची तीच. फरक होता तो ती कुठे घट्ट धरायची आणि कुठून मोकळी सोडायची याचा.

रत्नागिरीची हवा

पुण्याच्या मासिकातला सल्ला किनाऱ्यावर जसाच्या तसा चालत नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि उरलेल्या दिवसांत हवेत ओल नि अंगावर घाम. कोरड्या हवेत घाम उडून जातो. इथे तो कापडातच राहतो. म्हणून ब्लाऊजला छातीच्या मापावर इंचभर सैलपणा पुरत असेल तर इथे दीड इंच धरावा. अस्तर सुतीच घ्यावं. सिंथेटिक अस्तर पाठीला चिकटतं आणि चांगलं माप घेतलेला ब्लाऊजही तंग वाटू लागतो.

सुती अस्तर कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून द्यायला हवं. तसं न करता शिवलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड आटत नाही, आणि ब्लाऊज आतून गोळा होतो. हूक पितळी किंवा स्टीलचे मागून घ्यावेत. साधे लोखंडी हूक एका पावसाळ्यात गंजतात आणि पट्टीवर तांबडे डाग पाडतात, जे कापड फाटेपर्यंत जात नाहीत. शिवणी जाड, चार पदरी असतील तर पावसात त्या शेवटी वाळतात आणि बुरशीचे काळे ठिपके तिथूनच सुरू होतात. इंटरलॉक करून पातळ ठेवलेली शिवण यात उजवी. मात्र बाजूच्या शिवणीत इंचभर माया राहिलीच पाहिजे. माया कापून इंटरलॉक मारलेला ब्लाऊज दिसतो सुबक, पण तो पुन्हा कधी सोडता येत नाही.

सुरकुत्या काय सांगतात

ट्रायलला आरशासमोर नुसतं उभं राहून भागत नाही. हात वर करावे, पुढे न्यावे, खाली बसावं, वाकून पायातली चप्पल काढल्यासारखं करावं. मग सुरकुत्या बघाव्यात. आडव्या ताणलेल्या रेघा म्हणजे त्या जागी कापड कमी आहे. उभ्या, सैल घड्या म्हणजे जास्त आहे. तिरप्या रेघांचं एक टोक नेहमी अडचणीच्या जागेकडे दाखवतं: काखेतून छातीकडे जात असेल तर टक्स कमी पडलाय, मानेकडून खांद्याच्या टोकाकडे जात असेल तर खांद्याचा उतार चुकलाय. “कुठेतरी ओढतंय” असं सांगण्याऐवजी रेघेवर बोट ठेवून दाखवलं की कारागिराला खडूची खूण नेमकी करता येते.

हे सगळं करायला शिंप्यालाही वेळ लागतो, आणि वेळेचे पैसे. आयटीआयमध्ये शिवणकामाचे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकामही आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत पाच टक्के व्याजाचं कर्ज तिच्यातून मिळतं. घरात एक मशीन टाकून शिवणाऱ्या ताईंना यातून इंटरलॉक मशीन घेता येतं. पण दोन मापांऐवजी आठ मापं घेण्याची आणि ट्रायल देण्याची सवय गिऱ्हाइकाने मागितली तरच टिकते.

तेव्हा यंदा सणाचं कापड नागपंचमीच्या सुमारास टाकावं, गर्दी उसळण्याआधी. अंगावर माप द्यावं, आपल्या मापांची एक चिठ्ठी स्वतःजवळ ठेवून दरवर्षी ती ताजी करावी, ट्रायलसाठी एक फेरी धरूनच तारीख घ्यावी. आणि शिलाईचा दर ठरवताना त्या फेरीचे, उसवण्याचे नि पुन्हा शिवण्याचे पैसे घासाघीस न करता मोजावेत.